दिव्यामागची नोंदवही : फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे जीवनकार्य

हाती दिवा घेऊन रात्रीच्या वेळी जखमी सैनिकांच्या खाटांमधून फिरणारी करुणामयी स्त्री, ही फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची प्रतिमा क्रमिक पुस्तकांनी आपल्या मनावर कोरली आहे. ती प्रतिमा खोटी नाही. मात्र ती फार अपुरी आहे. ज्या स्त्रीने आधुनिक परिचर्येचा पाया घातला, तिच्या आयुष्याची मोजकी वर्षेच रुग्णांच्या खाटेपाशी गेली. उरलेले अर्धशतक अहवाल वाचण्यात, आकडे जुळवण्यात, निरनिराळ्या ठिकाणांहून आलेली माहिती एकत्र मांडून तिच्यातून निष्कर्ष काढण्यात आणि तो निष्कर्ष रुग्णालयाच्या दैनंदिन कामात उतरवण्यात गेले. आमच्या शाळेच्या अनेक माजी विद्यार्थिनी आणि काही माजी विद्यार्थीही आज परिचर्येच्या क्षेत्रात आहेत. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या पालकांसाठी या जीवनाची दुसरी, कमी परिचित बाजू मांडावी, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

फ्लॉरेन्स यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स या नगरात झाला. नगराचेच नाव त्यांना मिळाले. कुटुंब इंग्लंडमधील सधन, जमीनदार वर्गातले. वडील विल्यम नाइटिंगेल यांनी आपल्या दोन्ही मुलींना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकवले. फ्लॉरेन्स यांना गणिताची विलक्षण ओढ होती. त्या काळच्या श्रीमंत घरातील मुलीने गणितात रमावे, हे घरच्यांना फारसे रुचणारे नव्हते. पुढे त्यांनी परिचारिका होण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा तर घरात मोठाच विरोध झाला. त्या काळी इंग्लंडमधील रुग्णालयांत शुश्रूषेचे काम करणाऱ्या बहुतेक स्त्रियांना शिक्षण नव्हते, प्रशिक्षण नव्हते आणि समाजात मानही नव्हता. ते काम मोलकरणीचे मानले जाई.

या विरोधाच्या वर्षांत त्यांनी जे केले, त्यातच पुढील कार्याचे बीज आहे. पहाटे, घर जागे होण्यापूर्वी उठून त्या देशोदेशींच्या रुग्णालयांचे व सार्वजनिक आरोग्याचे अहवाल वाचत आणि त्यांतील माहिती वह्यांमध्ये टिपून ठेवत. रुग्णालयात पाऊल ठेवण्याची मुभा मिळण्यापूर्वीच रुग्णालयांविषयी त्यांचा अभ्यास सुरू झाला होता. १८५० साली त्यांनी जर्मनीतील कैझर्सवेर्थ येथील संस्थेला भेट दिली आणि १८५१ साली तेथे सुमारे तीन महिने राहून प्रत्यक्ष शुश्रूषेचे शिक्षण घेतले. १८५३ साली लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील आजारी स्त्रियांसाठीच्या एका छोट्या संस्थेच्या त्या अधीक्षिका झाल्या. वय तेहतीस. इतक्या वर्षांच्या प्रतीक्षेनंतर पहिले काम हाती आले होते.

पुढच्याच वर्षी ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरले. ब्रिटिश सैनिकांच्या हालअपेष्टांच्या बातम्या लंडनच्या वृत्तपत्रांत येऊ लागल्या आणि लोकक्षोभ उसळला. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे फ्लॉरेन्स यांचे परिचित होते. त्यांच्या विनंतीवरून ऑक्टोबर १८५४ मध्ये अडतीस परिचारिकांना घेऊन फ्लॉरेन्स निघाल्या आणि नोव्हेंबरच्या आरंभी स्कुटारी येथे, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या उस्कुदार भागात, पोहोचल्या. तेथील प्रचंड लष्करी बराकीचे रुग्णालय करण्यात आले होते. खाटा अपुऱ्या, साबण नाही, टॉवेल नाहीत, कपडे धुण्याची सोय नाही, अन्न खाववत नाही, अशी अवस्था होती. इमारतीखालची सांडपाण्याची गटारे तुंबलेली होती.

फ्लॉरेन्स यांनी धुलाईची व्यवस्था लावली, स्वयंपाकघर सुधारले, पुरवठ्याची शिस्त बसवली. तरीही त्या हिवाळ्यात सैनिक मरतच राहिले. फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूंचे प्रमाण उपचार घेतलेल्या रुग्णांच्या शेकडा ४२ च्या वर गेले. मार्चमध्ये इंग्लंडहून डॉ. जॉन सदरलँड आणि अभियंता रॉबर्ट रॉलिन्सन यांचा समावेश असलेले स्वच्छता आयोगाचे पथक आले. त्यांनी गटारे साफ करवली, पाण्याचा पुरवठा तपासला, मेलेली जनावरे हलवली, भिंतींना चुना लावला, वायुवीजनाची सोय केली. जून महिन्यापर्यंत मृत्यूंचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास उतरले.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे, असे आम्हांस वाटते. सेवा अखंड चालू होती, रात्रीचा दिवाही फिरत होता. पण मरण हटले नव्हते. ते हटले ते गटारे उपसल्यावर. युद्ध चालू असताना फ्लॉरेन्स यांचा भर मुख्यतः अन्न, कपडे आणि पुरवठ्याच्या सुधारणेवर होता. मृत्यूंचे खरे कारण नेमके किती आणि कोणते, हे त्या वेळी कोणालाच नीटपणे सांगता येत नव्हते. मृत्यूंच्या निरनिराळ्या नोंदी एकमेकींशी जुळतही नव्हत्या. जेथे मरणाचीच धड मोजदाद नाही, तेथे मरणाचे कारण कसे सापडणार?

१८५६ च्या उन्हाळ्यात त्या इंग्लंडला परतल्या तेव्हा देशभर त्यांचा जयघोष चालू होता. त्यांनी सत्कार टाळले. क्रिमियात जडलेल्या तापाने शरीर खंगले होते; पुढील कितीतरी वर्षे त्यांनी बहुतांशी अंथरुणावरूनच काम केले. सरकारकडून शाही आयोग नेमवून घेऊन सैन्याच्या आरोग्याची चौकशी करवावी, हे त्यांचे पहिले ध्येय होते. १८५७ साली असा आयोग नेमला गेला. या कामी त्यांना विल्यम फार यांचे साहाय्य लाभले. फार हे जन्ममृत्यू नोंदणी खात्यातील अग्रगण्य संख्याशास्त्रज्ञ होते. दोघांनी मिळून लष्कराच्या नोंदी तपासल्या, त्या नागरी लोकसंख्येच्या नोंदींशी ताडून पाहिल्या आणि एक भीषण सत्य समोर आले. त्या युद्धात सुमारे एकवीस हजार ब्रिटिश सैनिक मृत्यू पावले, त्यांपैकी सोळा हजारांहून अधिक रोगांनी. शत्रूच्या गोळीने व जखमांनी मेलेले पाच हजारांच्या आतच होते. याहून धक्कादायक गोष्ट म्हणजे, शांततेच्या काळात इंग्लंडमधील बराकींत राहणारे तरुण सैनिकसुद्धा त्याच वयाच्या नागरिकांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात मरत होते. निवडून घेतलेले धडधाकट तरुण केवळ कोंदट आणि अस्वच्छ निवासामुळे दगावत होते.

हे आकडे लोकांपुढे कसे ठेवावेत, हाही प्रश्न होता. मंत्री आणि खासदार रकानेच्या रकाने वाचत बसणार नाहीत, हे फ्लॉरेन्स जाणून होत्या. म्हणून त्यांनी फुलाच्या पाकळ्यांसारखी एक वर्तुळाकार आकृती तयार केली. प्रत्येक पाकळी म्हणजे एक महिना. पाकळीचे क्षेत्रफळ म्हणजे त्या महिन्यातील मृत्यू. टाळता येण्याजोग्या रोगांचे मृत्यू एका रंगात, जखमांचे दुसऱ्या, इतर कारणांचे तिसऱ्या. ज्याला आकडेमोड कळत नाही त्यालाही एका दृष्टिक्षेपात दिसावे की, सैन्याचा खरा शत्रू कोठे होता. १८५८ साली लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत. १८६० साली लंडनमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेपुढे त्यांची आणखी एक सूचना मांडण्यात आली : सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्यात आपल्या नोंदी ठेवाव्यात. एका रुग्णालयात रोगाचे नाव एक आणि दुसऱ्यात दुसरे असेल, तर दोन्हींची तुलना होऊच शकत नाही. आणि तुलना नसेल तर कोणती पद्धत रुग्णाला वाचवते व कोणती मारते, हे कळत नाही, असा त्यामागचा विचार होता.

त्याच वर्षी, जनतेने जमवलेल्या निधीतून, लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची प्रशिक्षण शाळा सुरू झाली. शुश्रूषेविषयीचे त्यांचे छोटेखानी पुस्तकही याच सुमारास प्रसिद्ध झाले आणि घराघरांत पोहोचले. शुद्ध हवा, शुद्ध पाणी, सांडपाण्याचा निचरा, स्वच्छता आणि उजेड यांचे महत्त्व त्यात आहेच. पण आमच्या मते त्यातील सर्वांत मोलाचा भाग निरीक्षणाविषयीचा आहे. रुग्णाने किती अन्न घेतले, झोप किती लागली, नाडी कशी आहे, हे अंदाजाने न सांगता नेमके पाहून सांगणे हा परिचारिकेच्या कामाचा गाभा आहे, ही शिकवण त्यांनी दिली. शाळेतील विद्यार्थिनींनाही रुग्णांच्या नोंदी लिहिण्याची सवय लावली जाई.

आता त्यांच्या आयुष्यातील एक प्रसंग सविस्तर सांगणे आम्हांस आवश्यक वाटते, कारण पुराव्याशी इमान राखणे म्हणजे काय, हे तो शिकवतो. नाइटिंगेल निधीच्या साहाय्याने १८६२ साली लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात सुईणींच्या प्रशिक्षणासाठी एक प्रसूतिकक्ष उघडण्यात आला होता. खेड्यापाड्यांतील गरीब बायकांना प्रशिक्षित सुईण मिळावी, हा त्यामागचा सद्हेतू. परंतु त्या कक्षात बाळंतज्वराने माता दगावू लागल्या. १८६७ साली कक्ष बंद करण्यात आला. फ्लॉरेन्स तेवढ्यावर थांबल्या नाहीत. इंग्लंड आणि युरोपातील प्रसूतिगृहांच्या, सर्वसाधारण रुग्णालयांच्या, अनाथालयवजा दवाखान्यांच्या आणि घरी होणाऱ्या बाळंतपणांच्या नोंदी त्यांनी मागवल्या, त्या एकत्र मांडल्या व १८७१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. त्यातून दिसले ते असे : त्यांच्या स्वतःच्या निधीवर चाललेल्या कक्षात हजार बाळंतपणांमागे तेहतीसच्या आसपास माता मृत्यू पावल्या होत्या, तर इंग्लंडमध्ये घरोघरी होणाऱ्या बाळंतपणांत हे प्रमाण हजारी सुमारे पाच होते.

ज्या सेवेसाठी निधी उभारला, जिचा गौरव झाला, ती सेवाच गरीब मातांना घराहून अधिक धोक्याची ठरत होती, हे स्वतःच्या नावाने छापून प्रसिद्ध करणे सोपे नव्हते. फ्लॉरेन्स यांनी आकडे लपवले नाहीत, फिरवले नाहीत. बाळंतिणींना सर्वसाधारण रुग्णालयाच्या छताखाली ठेवू नये, त्यांची एकत्र गर्दी करू नये, शवविच्छेदनाच्या खोलीतून येणाऱ्या विद्यार्थ्यांचा त्यांच्याशी संपर्क येऊ देऊ नये, अशा स्पष्ट सूचना त्यांनी त्या पुस्तकात केल्या. विखुरलेला पुरावा गोळा करणे, तो पारखणे, एकत्र जुळवणे आणि त्याच्या आधारे आपलीच पद्धत बदलणे, या सर्व पायऱ्या या एका प्रसंगात आहेत. पुराव्याधिष्ठित परिचर्या हा शब्द तेव्हा जन्मालाही आला नव्हता.

भारताशी त्यांचा संबंध याच पद्धतीने जुळला. त्या भारतात कधी आल्या नाहीत. मात्र १८५९ साली भारतातील सैन्याच्या आरोग्याविषयी शाही आयोग नेमला गेला, तेव्हा येथील लष्करी ठाण्यांकडे प्रश्नावली पाठवून उत्तरे मागवण्यात आली, आणि त्या उत्तरांच्या राशीचा अभ्यास फ्लॉरेन्स यांनी केला. भारतातील ब्रिटिश सैनिकांचा मृत्युदर वर्षाला हजारी ६९ होता. दूषित पाणी, निचऱ्याचा अभाव, गर्दीच्या बराकी, ही कारणे ठाण्याठाण्यांतून पुन्हा पुन्हा समोर येत होती. १८६३ साली अहवाल प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षी मुंबई, मद्रास व बंगाल इलाख्यांत आरोग्य आयोग स्थापन झाले. दहा वर्षांनी, १८७३ साली, मृत्युदर हजारी १८ वर आल्याचे त्यांनी आपल्या निबंधात नोंदवले. सूचना केल्यावर परिणाम काय झाला, हे पुन्हा मोजणे त्यांच्या कामाचा अविभाज्य भाग होता.

मुंबई इलाख्याचे गव्हर्नर राहिलेले सर बार्टल फ्रिअर इंग्लंडला परतल्यावर त्यांचे निकटचे सहकारी झाले. हळूहळू त्यांच्या ध्यानात आले की, छावणीचे कुंपण रोगाला अडवत नाही. गाव आणि शहर निरोगी नसेल तर सैनिकही निरोगी राहणार नाही. तेथून त्यांचे लक्ष सामान्य रयतेकडे वळले. दुष्काळ, पाटबंधारे, शेतकऱ्यांचे कर्ज, खेड्यांची स्वच्छता यांविषयी त्या लिहू लागल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि मुंबई इलाख्यातील ग्रामस्वच्छतेच्या कायद्याच्या प्रश्नातही त्यांनी लक्ष घातले. हा कायदा १८८९ साली झाला. पण खेड्यांसाठी पैसा देण्याची सरकारची तयारी नव्हती आणि त्यांच्या बहुतेक सूचना कागदावरच राहिल्या. सैनिकांच्या मरणाची मोजदाद झाली म्हणून तेथे सुधारणा झाली. खेड्यातल्या माणसाच्या मरणाकडे तितक्या बारकाईने पाहणारे सत्तेत कोणी नव्हते. ज्यांची मोजदाद होत नाही, त्यांच्यासाठी काही केलेही जात नाही, हा धडा इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

थोरांचे चरित्र सांगताना त्यांच्या मर्यादा झाकू नयेत, असे आम्ही वर्गात नेहमी सांगतो. फ्लॉरेन्स यांचा दुर्गंधीतून व दूषित हवेतून रोग पसरतात या जुन्या मतावर दीर्घकाळ विश्वास होता. सूक्ष्म जंतूंमुळे रोग होतात हा नवा विचार त्यांनी फार सावकाश स्वीकारला. जमैकाच्या मेरी सीकोल या कृष्णवर्णीय स्त्रीने त्याच युद्धात स्वतःच्या हिमतीवर क्रिमियात जाऊन सैनिकांची सेवा केली. तिच्याविषयी फ्लॉरेन्स यांचा दृष्टिकोन उदार नव्हता. या गोष्टी सांगितल्याने त्यांचे मोठेपण कमी होत नाही. उलट हे दिसते की, त्यांची पद्धत त्यांच्या मतांहून मोठी होती. हवेविषयीचा त्यांचा सिद्धान्त चुकीचा ठरला, तरी मोजून पाहण्याच्या पद्धतीने सुचवलेली स्वच्छता, निचरा आणि गर्दी टाळणे हे उपाय टिकले.

उतारवयात, १८९१ साली, ऑक्सफर्ड विद्यापीठात उपयोजित संख्याशास्त्राचे अध्यासन सुरू व्हावे, असा प्रयत्न त्यांनी केला. सरकारे माहिती गोळा करतात, कायदेही करतात, पण त्या कायद्यांनी काय साधले हे मागे वळून पाहत नाहीत, ही त्यांची तक्रार होती. ते अध्यासन त्यांच्या हयातीत झाले नाही. १९०७ साली ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, लंडन येथे त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनाचा मान कुटुंबाने नम्रपणे नाकारला आणि गावच्या साध्या दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. त्यांचा जन्मदिवस, १२ मे, आज जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो.

या जीवनाचा आज आमच्या वाचकांशी काय संबंध? एक उदाहरण पुरेसे आहे. दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पाठीला, कमरेला जखमा होतात. त्या होऊ नयेत म्हणून लाल झालेल्या जागेला चोळून मालीश करावे, असे परिचारिकांना पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. हेतू दयेचाच होता. पुढे अनेक ठिकाणचे अभ्यास एकत्र ताडून पाहिल्यावर कळले की, अशा नाजूक जागी चोळल्याने आतील ऊतींना इजाच होऊ शकते. आज मार्गदर्शक सूत्रे सांगतात की, तेथे चोळू नये. रुग्णाची कूस नियमित बदलावी, त्वचा तपासावी, दाब कमी करणारी गादी द्यावी. वर्षानुवर्षे ज्येष्ठांकडून शिकलेली रीत बदलायला मन धजत नाही. पण रीत रुग्णासाठी असते, रुग्ण रीतीसाठी नसतो.

आमच्या माजी विद्यार्थिनींपैकी ज्या आज तालुक्याच्या दवाखान्यात, जिल्हा रुग्णालयात किंवा शहरातील मोठ्या इस्पितळात रात्रपाळी करतात, त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की, तुमच्या हातातला तक्ता हे वरिष्ठांना दाखवायचे कागद नव्हेत. ताप, नाडी, जखम, पाण्याचे माप यांची प्रत्येक खरी नोंद कुणाचा तरी जीव वाचवणारा पुरावा आहे. नवे अभ्यास वाचा, चार ठिकाणचे निष्कर्ष ताडून पाहा, आपल्या कक्षाला लागू पडते का ते तपासा, आणि बदल केल्यावर पुन्हा मोजा. पालकांनाही एक विनंती आहे. निवासी शाळेत मुलांच्या आजाराची वही असते. ती केवळ कपाटात राहू नये. एका महिन्यात जुलाबाची नावे एकाच वसतिगृहातून वाढली, तर औषधाच्या बाटलीआधी पाण्याची टाकी पाहावी, हे ती वहीच सांगते, वाचणारा हवा. पालक सभेला याल तेव्हा ती वही मागून पाहा. शिक्षकांनी ती दाखवणे हे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.